तीन फुटाला एक सूत

लोक नवं घर बघायला जातात तेव्हा छत बघतात, खिडक्या बघतात, टीव्ही कुठं ठेवलाय ते बघतात. ज्यावर उभे असतात ते कुणी बघत नाही. त्यामुळे जालिंदर मिस्त्रींचं नाव सांगलीच्या पलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. त्याचा त्यांना कधी राग आला नाही, मला मात्र येतो. मला एकूणच राग लवकर येतो. आमच्या घराण्यात तो हळदीच्या धंद्याइतकाच जुना आहे. म्हणून हे लिहायला मी बसले, ते बसले नाहीत.

जालिंदर खरात मूळचे कोरेगाव तालुक्यातले. वडील खाणीवर दगड फोडायचे. छप्पन साली घरानं धम्म स्वीकारला तेव्हा हे सहा वर्षांचे होते. त्या दिवसाची त्यांची आठवण एवढीच, की आईनं कोनाड्यातले देव काढले आणि रिकाम्या जागी थोरल्या भावाची शाळेची पाटी ठेवली. पुढे तेही सातवीपर्यंत शिकले आणि सोळाव्या वर्षी एका साखर कारखान्याच्या बांधकामावर सांगलीकडे आले, ते इकडचेच झाले.

सिमेंट कालवता कालवता धुळा मिस्त्री नावाच्या एका धनगर माणसाच्या हाताखाली ते फरशी शिकले. धुळा मिस्त्रींनी पहिलं वर्षभर त्यांच्या हातात थापी दिली नाही. नुसतं अनवाणी चालायला लावलं. डोळे मिटून फरशीवरून जायचं आणि कुठं उंच, कुठं खोल ते सांगायचं. चुकलं की परत दारापासून सुरू. वर्षभरानं पायाला कळायला लागलं, तेव्हा कुठं हाताला शिकवलं. अजूनही मामा (जालिंदर मिस्त्रींना आम्ही मामाच म्हणतो) काम झालं की चप्पल बाहेर काढतात, डोळे मिटतात आणि सगळ्या खोलीभर हळूहळू फिरतात. बघणाऱ्याला वाटावं, माणसाला काहीतरी आठवत नाहीये.

त्यांच्यासोबत त्यांची बायको, मुक्तामामी, असतातच. फरश्यांच्या मधल्या फटी, म्हणजे दर्जा, भरायचं काम मामींचं. मामा दिवसाला वीसेक शब्द बोलतात. त्यांच्या वाटणीचे उरलेले मामी बोलतात. दोघांनी मिळून सांगली-मिरजेच्या आसपास किती घरांत फरशी घातली हे दोघांनाही सांगता येत नाही. पण एक काम विचारलं की दोघंही एकच नाव सांगतात: हिंगणोळीची बस्ती.

बस्ती म्हणजे आमच्या गावचं जैन मंदिर. हिंगणोळी कृष्णाकाठी, सांगलीपासून सायकलनं तासाभरावर. शांतिनाथअण्णा, माझे सख्खे चुलते, तेव्हाही ट्रस्टचे अध्यक्ष होते आणि आजही आहेत. अठ्ठ्याहत्तर साली ते कुठल्याशा यात्रेला गेले, तिथं त्यांनी काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी पाहिली आणि तशीच आपल्या मंडपात पाहिजे म्हणून हट्ट धरला. काळा कडप्पा, पांढरा संगमरवर, फूटभर लांबीरुंदीचा एकेक तुकडा. अठरा फूट चौरस मंडपात अशा तीनशे चोवीस फरश्या. जालिंदर मिस्त्री तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. अण्णांनी त्यांना समोर उभं करून बजावलं, "पाणी साचल्यावर जसं सपाट दिसतं तशी पाहिजे. काडीचा फरक नको." मिस्त्री म्हणाले, "व्हय."

तीन महिने लागले. शेवटचा महिना तर नुसता घासण्यात गेला. अण्णा रोज संध्याकाळी दुकानातून परत येताना हातभर लांबीची लेव्हल घेऊन यायचे, मंडपाच्या मधोमध ठेवायचे, आतला बुडबुडा बघायचे आणि मान डोलावून घरी जायचे. त्याच वेळी त्यांनी गाभाऱ्याचा उंबराही बोटभर उंच करून घेतला. पूर्वी अभिषेकाचं पाणी, म्हणजे गंधोदक, मंडपात पसरायचं, ते नंतर बंद झालं. अण्णांनी ह्याचं सगळं श्रेय उंबऱ्याला दिलं आणि एकवीस वर्षं पाहुण्यांना तो उंबरा दाखवला.

आता नव्व्याण्णव सालाकडे येते. बस्तीच्या लाकडी छताला वाळवी लागली होती. छत साधं नव्हतं. तुळयांवर वेली, फळ्यांवर कमळं, मधे हत्तींची रांग, सगळं जुन्या रंगांत रंगवलेलं. ट्रस्टनं ठरवलं, दिवाळीनंतर बस्ती उतरवायची आणि त्याच जागी दगडात नवी बांधायची. छत मात्र जसंच्या तसं परत करून घ्यायचं. नव्या बस्तीची फरशी कुणी घालायची हे नोव्हेंबरातल्या एका रविवारच्या सभेत ठरणार होतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ती जालिंदर मिस्त्रींचीच. मामांनी तर त्या हिवाळ्यासाठी दुसरं एकही काम धरलं नव्हतं. मामी सांगत होत्या, "ह्यांनी आयुष्यात कशाची वाट बघिटली न्हाई. ह्या फरशीची बघत्यात."

मी तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेत काम करत होते. सांगलीत सिव्हिल शिकून नुकतीच तिकडं गेलेली. संस्थेकडे परदेशातून लेसरनं मोजणारं एक यंत्र दोन आठवड्यांसाठी आलं होतं. तिपाईवर ठेवलं की ते चहूकडे किरण फेकतं आणि समोरचं सगळं लाखो ठिपक्यांत मोजून देतं. मी आमच्या सरांच्या मागे लागून त्यातले पाच दिवस हिंगणोळीसाठी मिळवले. बुधवारी यंत्र, कॉम्प्युटर, जनरेटर, सर आणि मी जीपनं बस्तीच्या दारात उतरलो. रविवारी दुपारी यंत्र परत जायचं होतं.

ह्या यंत्राला माप कळतं, पण रंग कळत नाही. त्यानं मोजलेलं छत पडद्यावर दिसतं ते राखेचं केल्यासारखं. रंग आणायचा तो कॅमेऱ्यानं. फोटोतला रंग उचलून त्या त्या ठिपक्याला लावायचा. आमचा मंडप बुटका, त्यामुळे सगळं छत टिपायला रुंद भिंग लावावं लागलं. आणि रुंद भिंगाची एक खोड असते. ते सगळं कवेत घेतं, पण कडेचं वाकवतं. सरळ तुळई त्यात धनुष्यासारखी दिसते. ही खोड काढता येत नाही, मोजता येते. ज्याचा प्रत्येक कोपरा कुठं आहे हे पक्कं ठाऊक आहे असा काळापांढरा पट वेगवेगळ्या बाजूंनी टिपायचा, फोटोत कोपरे कुठं सरकलेत ते बघायचं, आणि भिंग कुठं किती वाकवतं ह्याचं गणित मांडायचं. गणित जमलं की प्रत्येक ठिपक्याला त्याचा रंग सापडतो. फसलं की कमळाचा रंग शेजारच्या तुळईच्या अंगावर.

ते काम माझं होतं. पुण्याहून आणलेला पट तीन फुटांचा, भिंगात जेमतेम मधोमध मावणारा. आणि खोड असते ती कडेला. मी वैतागून बसले होते. सर मंडपात येरझाऱ्या घालता घालता थांबले, खाली बघून हसायला लागले. "अहो कीर्ती, पट तर इथं कधीचा मांडून ठेवलाय!" मी खाली बघितलं. काळं, पांढरं, काळं, पांढरं. फरश्या जिथं एकमेकींना भेटतात असे दोनशे एकोणनव्वद कोपरे. ह्या फरशीवर मी रांगायला नाही, पण नाचायला शिकले होते, आणि मला ते सुचलं नव्हतं.

मामा आणि मामी आमच्या मदतीला होतेच. तिपाई हलू नये म्हणून मामांनी तिच्या पायांखाली तीन दगड असे बसवले, की सर त्यांना हात लावून बघत राहिले. मी स्टीलची टेप घेऊन फरश्या मोजायला लागले, तेव्हा मामा म्हणाले, "टेप कशाला, ताई? फूटच हाय." मोजलं, तर फूटच होता. मग थोड्या वेळानं ते जवळ आले.

"ताई, ह्यो कॅमेरा फरशी सपाट हाय असं धरून चालतूय काय?"

"हो तर, अगदी सपाट. तुमचीच आहे की!"

ते वळले. बाहेर जाऊन पारिजातकाखाली बसले. मला वाटलं, कौतुकानं लाजले.

गुरुवारी शिडीवर चढून, दारातून, कोपऱ्याकोपऱ्यातून मी बेचाळीस फोटो काढले. शुक्रवारी सकाळी गणित लावलं आणि रंग छतावर चढवून पाहिला. हत्तींचे पाय त्यांच्या पोटापासून सुटून पडले होते. कमळाची लाली तुळईवर चार बोटं सरकली होती. मी सगळं पुन्हा केलं. तेच. चुका दाखवणारे बाण पडद्यावर काढले, तर ते सैरावैरा नव्हते. सगळ्यांचा कल एका कोपऱ्याकडे होता, गाभाऱ्याशेजारच्या वायव्येच्या कोपऱ्याकडे.

सरांनी मग लेसर फरशीवर फिरवला. "पाऊण इंच," ते म्हणाले. "हा कोपरा पाऊण इंच खाली आहे. पाया खचलाय, नाहीतर घालणाराच कच्चा होता." ते सहज बोलले, त्यांच्या दृष्टीनं तो एक आकडा होता. पण मागे शांतिनाथअण्णा उभे होते.

अण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. ज्या फरशीची त्यांनी एकवीस वर्षं फुशारकी मारली ती वाकडी आहे हे त्यांना पुण्याच्या यंत्राकडून कळत होतं, तेही पाहुण्यांसमोर. त्यांनी तिथूनच हाक मारली. "जालिंदर!"

मामा दारात आले.

"यंत्र म्हणतंय फरशी वाकडी आहे."

"असंल, अण्णा."

"असंल? काडीचा फरक नको म्हणून सांगितलं होतं की नाही मी तुला?"

"व्हय. चूक माझी हाय."

एवढंच. कारण नाही, सबब नाही. बाहेर मुक्तामामींनी घमेलं असं आदळलं की पारव्यांचा थवा उडाला. अण्णा म्हणाले, "नव्या बस्तीची फरशी मशीनवाला कंत्राटदार घालेल. रविवारी सभेत मी तसं सांगणार." आणि निघून गेले. मामा तिथंच उभे राहिले, खाली बघत. मला त्यांचा राग आला, अण्णांचा आला, यंत्राचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण ते यंत्र गावात मी आणलं होतं.

राग आला की मला बसवत नाही. मी पडद्यावर फरशीचा नकाशा काढला, उंचीच्या रेषांसह. पाया खचतो तेव्हा बशीसारखा खचतो, वेडावाकडा. इथं तर रेषा आखून काढल्यासारख्या सरळ. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीकडून उतार निघतो आणि दोन्ही उतार एका तिरक्या रेषेवर भेटतात. ती रेषा आग्नेयेच्या कोपऱ्यातून थेट वायव्येला जाते. कागदाला कोपऱ्यातून कोपऱ्यात हलकी घडी घालावी तसं. त्या रेषेवर अठरा पांढऱ्या फरश्या येतात. मी फरशीवर पालथी पडून गाल टेकवला आणि डोळा लावला. त्या अठराच्या अठरा फरश्या मधोमध तिरक्या घासलेल्या होत्या, इतक्या हलक्या हातानं की बोटाला लागत नव्हतं. ज्याला फरशी जमत नाही तो माणूस संगमरवराच्या अठरा तुकड्यांना हातानं घडी घालत बसत नाही.

शनिवारी सकाळी मामा पारिजातकाखाली भाकरी खात होते. मी समोर जाऊन बसले.

"मामा, हा ढाळ तुम्ही मुद्दाम दिलाय."

ते भाकरी खात राहिले.

"अठरा फरश्या घासल्यात. मी बघितल्या. चूक माझी, असं का म्हणालात?"

"तुजं काम अडलंय न्हवं?" ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला ताई सोडून एकेरी बोलावलं. "उद्या मशीन जानार. काम अडलंय म्हून सांगतो. तुज्यापाशीच ठेव. तीन फुटाला एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "सगळीकडं?"

"उगवतीकडनं आन् दक्षिणकडनं. तीन फुटाला एक सूत, कोपऱ्यापातूर. अठरा फुटाला सा सूत, म्हंजी पाऊण इंच. तुज्या मशीननं बरुबर सांगिटलं. अण्णांच्या हातभर लेव्हलला त्यो अर्धाच सूत, बुडबुडा कुठनं हलायचा."

"कशासाठी?"

"पान्यासाटी."

"मग अण्णांना सांगा की!"

"ते न्हाई जमायचं." त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "कुनी सांगिटलं, कशापाई सांगिटलं, ते इचारू नगं. शबुद दिलाय."

मागून मामी म्हणाल्या, "शबुद! त्या शबुदापाई हातची फरशी चालली, ते दिसंना व्हय?" मामांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मामी गप्प झाल्या, आणि हे मी त्या आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

मी आत जाऊन दोनशे एकोणनव्वद कोपऱ्यांची उंची मामांच्या हिशेबानं मांडली. सर म्हणाले, लेसरनं मोजलेलीच उंची घे की. मी तीही घेऊन बघितली. त्या यंत्राचा प्रत्येक आकडा दोन सूत मागेपुढे नाचायचा, आणि रंग नाचतच राहिला. मामांचा आकडा नाचत नव्हता. एकवीस वर्षांपूर्वी हातानं घातलेल्या फरशीची, भाकरी खाता खाता तोंडी सांगितलेली मापं मी कॉम्प्युटरला दिली आणि चूक अर्ध्या ठिपक्याच्याही खाली आली. छतावर रंग चढवला. हत्तींचे पाय हत्तींना लागले. कमळाची लाली तिच्या पाकळीच्या रेषेला येऊन थांबली, पुढे एक केसभर गेली नाही. मी सरांसमोर रडले आणि त्याची मला लाज वाटली नाही.

सरांनी पडद्यावरच्या कमळावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी त्या माणसाला कच्चा म्हणालो ना?"

रविवारी सकाळी मंडपात सभा भरली. वीसेक माणसं, बायका गाभाऱ्याच्या बाजूला. मामा-मामी दारात. कुणी बसा म्हणालं नाही, आणि ते आपण होऊन कधी आत येऊन बसत नसत. ही फरशी घातल्यापासून त्यांचं तसंच चाललं होतं. ही गोष्ट मी लहानपणापासून बघत आले आणि त्या दिवसापर्यंत मला ती दिसली नव्हती, हेही इथं लिहून ठेवते.

अण्णांनी कंत्राटदाराचं नाव घेतलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. तुझ्यापाशीच ठेव असं मामांनी सांगितलं होतं, तरी मी उठले. "अण्णा, फरशी वाकडी नाही. तो ढाळ आहे. मुद्दाम दिलेला, मोजून. आमचं यंत्र चुकलं, मामांचं माप चुकलं नाही." सरही उठले. म्हणाले, "मी परवा जे बोललो ते मागे घेतो. असं काम मी पाहिलेलं नाही."

मला वाटलं, जिंकलो. अण्णा मात्र पांढरे पडले.

"मुद्दाम?" ते मामांकडे वळले. "म्हणजे चुकला नाहीस तू. मी काडीचा फरक नको म्हणालो, तू होय म्हणालास, आणि माझ्या डोळ्यांदेखत फसवलंस मला. मी रोज लेव्हल घेऊन यायचो! हसत असशील मनात."

"न्हाई, अण्णा."

"मग का केलंस?"

मामांनी मान खाली घातली. मी त्यांना वाचवायला उठले होते आणि कच्च्या कारागिराचा लबाड माणूस करून ठेवला होता. कच्चं ठरल्याचं मामांना काही वाटलं नव्हतं. लबाड ठरल्याबरोबर त्यांनी दाराची चौकट धरली, ते मला एवढ्या लांबून दिसलं.

"आवं, सांगा की आता!" मामी ओरडल्या. "अजून किती दिस?"

"गप ऱ्हा, मुक्ता."

"त्याला मी सांगितलं होतं."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. गुणमालाकाकू उभ्या राहिल्या होत्या. अण्णांच्या पत्नी. काकू सभेत बोलत नाहीत. काकू घरातसुद्धा अण्णांसमोर फारसं बोलत नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहायला भिंत धरावी लागली.

"गंधोदकावर कुणाचा पाय पडू नये म्हणून आम्ही बायका ह्या उंबऱ्यापाशी जुनी लुगडी घेऊन बसायचो," काकू म्हणाल्या. "अभिषेक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. पुसायचं, पिळायचं, पुसायचं. माझे गुडघे ह्या उंबऱ्यापाशी गेलेत. हा माप घ्यायला आला होता त्या दिवशी मी पुसतच होते. हा दारात उभा राहिला आणि म्हणाला, आक्का, पाणी कुठं जायला पाहिजे?" त्यांनी भिंतीवरचा हात बदलला. "लग्न होऊन सतरा वर्षं झाली होती मला. ह्या बस्तीबद्दल मला काही विचारलेलं ते पहिलंच. मी कोपरा दाखवला. तिथं जुनी दगडी पन्हळ होती, बुजलेली; ती ह्यानं मोकळी केली. आणि सांगितलं, ह्यांना कळू देऊ नको. त्यानं शब्द दिला आणि पाळला. लबाड म्हणायचं असेल तर मला म्हणा."

अण्णांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. अण्णा म्हणाले, "पाणी उंबऱ्यानं थांबलं."

काकू वळल्या. त्या गाभाऱ्याच्या दारातून साध्या पाण्याचा कलश घेऊन आल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडे, मंडपाच्या फरशीवर, ओतला. पाणी क्षणभर होतं तिथं थांबलं. मग हललं. मंडपाच्या मधोमध आलं नाही, दाराकडे गेलं नाही. भिंतीच्या कडेकडेनं, घाई न करता, एका काळ्या फरशीवरून पांढऱ्या फरशीवर, पांढरीवरून काळीवर असं चालत वायव्येच्या कोपऱ्यात गेलं आणि पन्हळीत उतरलं. मागे थेंब उरला नाही.

अण्णा त्या पाण्याच्या बरोबरीनं चालत कोपऱ्यापर्यंत गेले. वाकून पन्हळ बघितली. हात लावला. परत आले ते काकूंच्या समोर उभे राहिले.

"एकदा तरी बोलायचं होतंस."

"बोलले असते तर तुम्ही फरशी उखडली असती."

अण्णांनी विचार केला. आमचे अण्णा रागीट आहेत, पण खोटं बोलत नाहीत. "हो," ते म्हणाले. "उखडली असती."

मग ते दाराकडे गेले. "जालिंदर, आत ये." मामा आत आले. मामीही आल्या, त्यांना कुणी वेगळं बोलवायची गरज पडली नाही. अण्णा म्हणाले, "फसवलंस म्हणालो ते चुकलं माझं. नव्या बस्तीची फरशी तूच घालायचीस."

मामा खाली बघत होते, आपल्याच फरशीकडे.

"घालतो, अण्णा. पर एक हाय. ह्या खेपेला ढाळ समद्यांदेखत, दोरी ताणून देनार. चोरून केल्यालं कामबी, चांगलं असलं तरी, लय जड असतंय. एकवीस वर्सं ह्या दारात आलो की पैला कोपऱ्याकडं बघायचो, कुनाला दिसतंय का म्हून. फरशी माजी, आन् मी चोरावानी बघायचो." वीस शब्दांचा माणूस. एवढं सलग बोलताना त्यांना मी तेव्हाच ऐकलं. मामींनी पदर तोंडाला लावला.

अण्णांनी मान डोलावली. "समद्यांदेखत दे," ते म्हणाले. "पलीकडची दोरी मी धरतो."